वाडी तीच, माणसं तीच : संगत निवडण्याचं एक प्रकरण

या प्रकरणातल्या मुलाला आपण बाबू म्हणू. कोकणात दर दुसऱ्या घरात एक बाबू असतो, त्यामुळे ओळख पटायची भीती नाही. लिहिण्याआधी त्याची परवानगी घेतली आहे. गाव, नाती आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत, घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. आयटीआय झालेल्या मुलांना तालुक्यातच काम मिळावं म्हणून आम्ही काही जण खटपट करतो. त्या निमित्ताने हे सगळं जवळून बघायला मिळालं.

'चांगल्या माणसांत राहा' हा सल्ला सगळेच देतात. पण ती चांगली माणसं ओळखायची कशी? आणि शंभर घरांच्या गावात, जिथे पालखीला, मयताला आणि मॅचला तीच माणसं भेटतात, तिथे संगत 'निवडायची' म्हणजे नेमकं करायचं काय? या दोन प्रश्नांसाठी हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. वडील ट्रॉलरवर खलाशी होते, गुडघ्यांनी साथ सोडल्यावर घरी बसले. आई आंब्याच्या हंगामात बागेत काढणीला आणि पेट्या भरायला जाते. एक बहीण शिकते आहे. बाबूने दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड पूर्ण केला आणि तो गावातल्या बहुतेक मुलांसारखा मुंबईला गेला. नालासोपाऱ्याला चुलतभावाच्या खोलीत राहून एसी सर्व्हिसच्या एका ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागला.

वर्षभर त्याने काय केलं, तर शिडी धरली, आउटडोअर युनिट खांद्यावरून चढवलं आणि जाळ्या धुतल्या. गॅसचा दाब मोजायचा गेज कुणी हातात दिला नाही. गणपतीला गावी आला, त्यात वडिलांची तब्येत बिघडली आणि त्याचं परत जाणं राहून गेलं. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

गावात दिवस कसाही निघतो, संध्याकाळ निघत नाही. एसटी थांब्याच्या शेडमध्ये, म्हणजे नाक्यावर, पाच-सहा जण जमायचे. पानपट्टी, मोबाईल, नाईट अंडरआर्म क्रिकेटच्या टीमची चर्चा, आणि आठवड्यातून तीन-चार वेळा दारू. बाबूला ती आधीपासून फारशी माहीत नव्हती, ती दिवाळीपर्यंत अंगवळणी पडली.

अडचण, म्हणजे कुणाच्या मते काय

आईच्या मते अडचण एकच होती : नाका. "त्या पोरांनी माझ्या झिलाक बिघडवल्यानी." ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे घरात दुसरं कारण शोधायची गरज कुणाला वाटली नाही.

इथे एक जुना वाद आठवतो. २००७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांचा अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम इथल्या माणसांवरचा अभ्यास आला. मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात मांडलं होतं. सवयी मैत्रीतून पसरतात ही कल्पना त्यानंतर जगभर गेली. पुढे संख्याशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याला हरकत घेतली. मित्रामुळे माणूस तसा होतो, की तसाच असलेला माणूस तसे मित्र शोधतो, हे असल्या आकड्यांवरून वेगळं काढणं फार कठीण आहे, असं त्यांचं म्हणणं.

बाबूच्या बाबतीतही हाच प्रश्न होता. नाक्याने त्याला पाजली, की रिकामी संध्याकाळ आणि हातात हुनर असून काम नसल्याची लाज त्याला नाक्यावर घेऊन गेली? मला दुसरं जास्त पटतं. कारण ज्या मुलांना घरच्यांनी 'टवाळ' ठरवलं होतं, त्यातल्याच एकाने रात्री दीड वाजता आपली रिक्षा काढून बाबूच्या वडिलांना रुग्णालयात पोचवलं होतं आणि दुसऱ्याने दोन रात्री तिथे जागून काढल्या होत्या. या माणसांना वाईट संगत म्हणून खोडून टाकणं बाबूला शक्य नव्हतं, आणि तसं व्हायलाही नको होतं. आई जेवढं नाक्याला बोलायची, तेवढा तो नाक्याच्या बाजूने उभा राहायचा.

पहिला निर्णय : 'पॉझिटिव्ह' माणसं

डिसेंबरात आयटीआयमधला एक जुना मित्र भेटला. इस्त्रीचा शर्ट, बूट, बोलण्यात आत्मविश्वास. तो बाबूला रविवारी कणकवलीला एका हॉलमधल्या मीटिंगला घेऊन गेला. साबण, टूथपेस्ट, पोषणाची पावडर असा माल ओळखीच्या माणसांना विकायचा, त्यांनाही विकायला लावायचं आणि त्यांच्या विक्रीतून आपल्याला वाटा मिळवायचा, असा तो धंदा. कीट साधारण पंधरा हजारांचं होतं. आईने बचतीतून काढून दिले, कारण मुलगा बऱ्याच दिवसांनी काहीतरी करतो म्हणाला होता.

या टप्प्याला 'फसवणूक' म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण तसं लिहिलं तर प्रकरण अर्धंच कळेल. त्या हॉलने बाबूला खरोखर काही दिलं. तीन महिने त्याने दारूला हात लावला नाही. पहाटे उठायला लागला. चाळीस माणसांसमोर उभं राहून नाव-गाव सांगताना ज्याचे पाय लटपटायचे, तो मार्चपर्यंत पाच मिनिटं सलग बोलू लागला. टाळ्या वाजायच्या, लीडर पाठीवर थाप द्यायचा. मुंबईत वर्षभर ज्याला कुणी नावाने हाक मारली नव्हती, त्याला याची किंमत किती वाटली असेल!

त्याबरोबर दोन गोष्टी आल्या. एक, ओळखीच्या शंभर माणसांची यादी. दुसरी, 'निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा' ही शिकवण. तुम्ही ज्या पाच माणसांत वावरता त्यांची सरासरी म्हणजे तुम्ही, हे वाक्य अशा सभांत हटकून ऐकू येतं, तसं इथेही आलं. शंका काढेल तो निगेटिव्ह. घरातला असला तरी निगेटिव्ह. या व्याख्येत बाबूची आत्ये चपखल बसली.

आत्ये महिला बचत गटाचा हिशोब ठेवते. कोकम, आमसुलं, फणसाचे गरे तळून विकणाऱ्या बायका त्या गटात आहेत, त्यामुळे कुठली वस्तू किती घरांत खपते हे तिला कागद न बघता सांगता येतं. बाबू तिच्याकडे कीट खपवायला गेला तेव्हा झालेलं बोलणं दोघांनाही अजून आठवतं.

"गावात घरां किती?"

"शंभरेक असतीत, आत्ये."

"त्यातली किती घरां दर म्हयन्याक तुझो साबण घेतत?"

"आता चार-पाच. वाढतली."

"मगे तुझ्याखाली जो येतलो, तो कोणाक विकतलो? घरां हीच मां?"

बाबू चिडला. दीड महिना तिच्याशी बोलला नाही. हॉलमध्ये त्याने हा किस्सा सांगितला तेव्हा तर टाळ्या मिळाल्या.

मार्चअखेरीला शिमग्याच्या सुट्टीत तो स्वतःच तिच्याकडे वही घेऊन गेला. त्याला कारण घडलं ते असं : त्याच्या 'खाली' आलेल्या दोघांपैकी एक सख्ख्या चुलतभावाची बायको होती. वहिनीचे पैसे अडकले आणि ती घरात सगळ्यांसमोर रडली. आत्येने पूर्वीचं काही उकरून काढलं नाही. पेट्रोल, हॉलची एंट्री, चहापाणी, शर्ट-टाय, नमुन्याला फुकट दिलेला माल, असं एकेक लिहायला लावलं आणि दुसऱ्या बाजूला आलेलं कमिशन. बाबू सांगतो की बेरीज करायच्या आधीच त्याला कळलं होतं.

थेट विक्रीचा धंदा आपल्याकडे बेकायदा नाही. मात्र २८ डिसेंबर २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनी पिरॅमिड पद्धतीला, म्हणजे एकाखाली एक माणसं जोडत नेण्यावरच चालणाऱ्या साखळीला, मनाई केली आहे, आणि विक्रेत्याला करारातून बाहेर पडण्यासाठी वाजवी मुदत देणं बंधनकारक केलं आहे. माणसं भरती करण्यावर पैसे मिळण्याच्या योजनांना तर पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा १९७८ चा कायदाही आडवा येतो. करारातली ही मुदत बाबूच्या कागदावर छापलेली होती. ती कधीच उलटून गेली होती, कारण मन डळमळलं की 'हार मानू नकोस' हे उत्तर तयार असायचं.

समोर काय काय होतं

एप्रिल उजाडला तेव्हा त्याच्यापुढे असे रस्ते होते.

मुंबईला परत जायचं. चुलतभाऊ बोलवत होता. पण वहिनीच्या प्रकरणानंतर त्याच खोलीत राहणं अवघड होतं, आणि काम पुन्हा शिडी धरण्याचंच. हा पर्याय लवकर बाजूला पडला.

हॉलमध्येच टिकून राहायचं. आयटीआयमधला तो मित्र रोज फोन करत होता.

शेजारच्या वाडीतला एक मित्र एसी-फ्रीजची कामं करायचा, त्याच्याबरोबर जायचं. हाही नाक्यावरचाच, मोकळा, हसरा, हात सढळ. दिवसाचे पैसे त्याच संध्याकाळी रोख देणारा. एप्रिल-मे म्हणजे होमस्टेवाल्यांचा हंगाम, कामाला तोटा नाही.

आणि चौथा, ज्याचा विचार बाबूने सर्वांत शेवटी केला. बंदराजवळच्या बर्फ कारखान्यात एक वयस्क मिस्त्री होते. आयुष्य अमोनियाच्या, म्हणजे बर्फ गोठवायला वापरतात त्या विषारी वायूच्या, कॉम्प्रेसरवर गेलेलं. बोलायचे कमी, बोलले तर ओरडून. तंबाखू अखंड. हाताखाली मुलगा टिकत नाही अशी त्यांची ख्याती, आणि मिळणारे पैसे वाडीतला मित्र देत होता त्याच्या निम्मे.

आमच्याकडे तो सल्ल्याला आला तेव्हा पहिल्या बोलण्यातच म्हणाला, "मिस्त्री निगेटिव्ह माणूस आहे." हॉल सुटला तरी हॉलचं माप सुटलेलं नव्हतं. माणूस भेटल्यावर आपल्याला कसं वाटतं, यावर तो अजून माणसं पारखत होता. आम्ही त्याला निर्णय सांगितला नाही. एक प्रश्न दिला : या माणसाला भेटून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तू काय वेगळं करतोस? त्याने वहीच्या मागच्या पानांवर ते लिहायला सुरुवात केली. नाका, मित्र, आत्ये, मोबाईलवरचे व्हिडिओ, सगळ्यांसमोर. हॉलपुढे त्याने लिहिलेलं मला दाखवलं : "लवकर उठतो. मग काय करायचं कळत नाही."

दुसरा निर्णय : मित्र की मिस्त्री

त्याने वाडीतला मित्र निवडला. हातात पैसे हवे होते, वहिनीचे फेडायचे होते. त्याला दोष देता येणार नाही.

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. समुद्राकाठी एसीचं आउटडोअर युनिट लवकर खराब होतं. तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात. खारी दमट हवा मिळाली की दोन धातूंच्या सांध्यावर गंज धरतो, पट्ट्यांची पांढरी भुकटी होते, नळीला बारीक छिद्रं पडतात आणि गॅस हळूहळू निघून जातो. रीतसर काम करायचं तर आधी नायट्रोजनचा दाब भरून साबणाच्या फेसाने गळती शोधायची, ब्रेझिंग करून बुजवायची, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा-ओल काढायची आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. याला अर्धा दिवस जातो. न शोधता वरून गॅस मारला तर वीस मिनिटं. खोली थंड होते, गिऱ्हाईक खूश, आणि पुढच्या एप्रिलला परत फोन.

मित्र वीस मिनिटांवाला होता. त्यात त्याला काही गैर वाटत नव्हतं. सगळेच तसं करतात, गिऱ्हाईकाला थांबायला वेळ नसतो, हे त्याचं म्हणणं पूर्ण खोटंही नाही. हंगामात पाहुणे खोलीत घाम पुसत बसलेले असताना होमस्टेवाला अर्धा दिवस थांबायला तयार होतो का?

मे महिन्यात एका होमस्टेमध्ये, मागच्या वर्षी मित्रानेच गॅस भरलेल्या युनिटवर, बाबूला जोडाजवळ तेलाचा डाग दिसला. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतं, त्यामुळे असा डाग म्हणजे गळतीची खूण. आयटीआयत शिकवलेलं एवढं त्याच्या लक्षात राहिलं होतं. तो बोलला. मित्र हसून म्हणाला, "इंजिनिअर झालंस काय रे?" आणि गॅस मारून दोघे निघाले.

भांडण झालं नाही. त्या दिवशीच्या पानावर मात्र बाबूने लिहिलं, 'डाग दिसला, काय केलं नाही.' पुढे आठवडाभर त्या पानावर दुसरं काही नाही. माझ्या मते या प्रकरणाचा कणा इथे आहे. दारू पाजणारी संगत कुणालाही ओळखता येते. प्रेमाने वागणारा, अडीनडीला धावणारा, पैसे वेळेवर देणारा मित्र आपल्याला कमी प्रतीचं काम करायची सवय लावतो आहे, हे ओळखायला स्वतःच्या कामाची थोडी तरी चाड लागते. ती बाबूकडे होती. कुठून आली म्हणाल तर मला वाटतं आयटीआयमधल्या एखाद्या शिक्षकाकडून, पण त्याला स्वतःला ते सांगता येत नाही.

काय केलं

१ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारीला बंदी असते. होड्या शाकारलेल्या, बर्फाला मागणी नाही. कारखान्यात याच काळात कॉम्प्रेसर उघडतात, व्हॉल्व्ह, गास्केटं बदलतात. एसीचा हंगामही पावसाबरोबर संपतो. बाबू जूनच्या पहिल्या आठवड्यात मिस्त्रींकडे गेला. आत्ये बरोबर आली होती, कारण मिस्त्री तिच्या माहेरच्या गावचे. "पोरग्याक शिकवा. पैशाचा मागाहून बघू," एवढंच ती बोलली.

पहिला महिना त्याला वहीत आकडे लिहायला लावलं. कॉम्प्रेसरचा आत येणारा दाब, बाहेर जाणारा दाब, मिठाच्या पाण्याच्या टाकीचं तापमान, दर तासाला. एकदा आळस करून दोन तासांचे आकडे अंदाजाने भरले. मिस्त्रींनी वही बघितली, पाना खाली ठेवला आणि त्याला गेटबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तो परत गेला तेव्हा काहीच न घडल्यासारखं काम सुरू झालं. अमोनियाच्या कारखान्यात अंदाजाने लिहिलेला आकडा माणसाच्या जिवावर बेतू शकतो, हे त्याला पुढे एकदा व्हॉल्व्हच्या पॅकिंगमधून वास आला तेव्हा समजलं.

मिस्त्री संत नाहीत. पैसे उशिरा देतात, शिव्या देतात, आणि जगाबद्दलची त्यांची मतं ऐकून घेण्यासारखी नाहीत. बाबूने त्यांच्याकडून दोनच गोष्टी उचलल्या : मोजल्याशिवाय बोलायचं नाही, आणि उघडलेलं यंत्र पुसून बंद करायचं. बाकीचं त्याने तिथेच ठेवलं. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. आदर्श माणूस शोधत बसलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. पहिला दोष दिसला की ती माणूसच टाकून देतात.

नाक्याचं काय केलं, हे सविस्तर सांगण्यासारखं आहे. 'मी सोडली' असं त्याने जाहीर केलं नाही. गावात असं जाहीर केलं की आठवडाभर सगळे त्याच कामाला लागतात. त्याने फक्त सांगितलं, सकाळी सातला कारखान्यात हजेरी आहे. याला कुणी हसत नाही. दर्यावर जाणाऱ्यांच्या गावात पहाटेच्या कामाला मान आहे. तो नाक्यावर जायचा, अर्धा तास थांबायचा, निघायचा. मॅच असली की मात्र पूर्ण वेळ. टीममधली त्याची जागा त्याने सोडली नाही.

तरी आठ ते दहा ही वेळ उरतच होती, आणि दारू त्याच वेळेची. त्या जागी भजन आलं. गावातलं भजन मंडळ गणपतीआधी रोज रात्री तालमीला बसतं. सिंधुदुर्गात डबलबारीचं, म्हणजे दोन भजनीबुवांच्या सामन्याचं, वेड केवढं आहे हे वेगळं सांगायला नको. बाबूचा आवाज यथातथाच, म्हणून त्याला झांज मिळाली. भक्तीपेक्षा वेळेचा भाग मोठा होता हे तो प्रांजळपणे कबूल करतो. आम्ही त्याला व्यायामशाळा सुचवली होती, ती त्याने आठवड्यात सोडली. जिथे आपण गेलो नाही तर कुणीतरी "खय होतंस?" म्हणून विचारणार आहे, तीच सवय टिकली.

हॉलच्या ग्रुपमधून तो बाहेर पडला. माल काही परत घेतला गेला, बराचसा घरीच वापरला. फोनवर आता तो दुरुस्तीचे हिंदी व्हिडिओ बघतो. त्यातही मिस्त्रींनी एक नियम घातला : बघितलेलं आठवड्यात करून दाखवायचं, नाहीतर बघायचं नाही.

पुढे काय झालं

दुसऱ्या हंगामाआधी त्याने मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज काढलं. पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज या गटात येतं. व्हॅक्यूम पंप, गेज, वजनकाटा घेतला. नायट्रोजनचं सिलिंडर गरजेला कारखान्यातून मिळतं. पहिली गिऱ्हाइकं नाक्यावरून आली नाहीत आणि नातेवाइकांकडूनही नाहीत. भजनीबुवांच्या मेव्हण्याचं मालवणकडे होमस्टे, तिथून. त्याच्या शेजाऱ्याचं दुसरं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती जिवलगांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या माणसांमार्फत कळली होती. जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. भजन मंडळाचा हा उपयोग आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हता.

गिऱ्हाइकांशी बोलताना हॉलमध्ये शिकलेलं बोलणं कामी येतं, हे त्याने स्वतः सांगितलं. अर्धा दिवस का लागणार, गोड्या पाण्याने आउटडोअर युनिट अधूनमधून का धुवायचं, हे तो नीट समजावतो. तरीही दहातले चार-पाच जण 'नुसता गॅस मार' म्हणतात आणि मित्राला बोलावतात. मित्राचा धंदा छान चालला आहे. किचकट, वारंवार बिघडणारी युनिटं तो बाबूकडे पाठवतो, आणि त्यांचं पटतं.

वहिनीचे पैसे हप्त्याने फिटले. नातं मात्र पूर्वीसारखं नाही. यंदा गणपतीत तिने बाबूच्या हातून प्रसाद घेतला, बोलली नाही. शिमग्याला आणि मॅच जिंकल्यावर तो पितो. आईला ते खटकतं. आठवड्याचे चार दिवस आणि वर्षाचे चार दिवस यांतला फरक तिला मान्य नाही, आणि तिचंही चूक म्हणवत नाही.

पावसाळ्यात एसीचं काम शून्य. जून-जुलै कारखाना, आणि ऑगस्टपासून फ्रीज. चाकरमानी यायच्या आधी बंद घरांतले फ्रीज सुरू करून द्यायचे असतात, तेव्हा पंधरा दिवस त्याला जेवायला फुरसत नसते.

वेगळं काय करता आलं असतं

आयटीआय संपल्यावर तो थेट हेल्पर झाला, इथेच वर्ष गेलं. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली एखाद्या कंपनीत शिकाऊ उमेदवारी मिळाली असती तर विद्यावेतन आणि शिकवणारा माणूस दोन्ही मिळाले असते. चुलतभावाच्या खोलीची सोय होती म्हणून नालासोपारा ठरलं, शिकायला काय मिळेल हे कुणी विचारलं नाही. आमच्या भागात अजूनही बहुतेक मुलांची नोकरी खोलीच्या सोयीवर ठरते.

घरच्यांनी गणपतीपासून डिसेंबरपर्यंतचे महिने नाक्याशी भांडण्यात घालवले. त्याऐवजी संध्याकाळी त्याला कुठेतरी जायला कारण दिलं असतं, तर कदाचित हॉलपर्यंत गोष्ट गेली नसती. मुदत संपण्याआधी करारावरची परत फिरण्याची तारीख आत्येला दाखवली असती, तर निदान पैसे वाचले असते. पण तेव्हा ती निगेटिव्ह यादीत होती.

सगळा भार एका मिस्त्रींवर आहे, ही या मार्गाची कमजोर बाजू. ते सत्तरीकडे झुकले आहेत. कारखान्याचा मालक तो विकायच्या विचारात आहे अशी कुजबुज आहे. बाबूने दुसरा जाणकार आत्तापासून शोधायला हवा. रत्नागिरीत कंपनीच्या प्रशिक्षणाला जायचं तो दोनदा बोलला आहे, गेलेला नाही.

आणि एक गोष्ट, जी मला त्याच्या यशापेक्षा जास्त टोचते. थांब्याची शेड, क्रिकेटची टीम, भजनाची तालीम, बर्फ कारखाना : बाबूला ज्या ज्या जागांनी हात दिला त्या सगळ्या पुरुषांच्या. त्याच्या जागी त्याची बहीण असती तर 'संगत निवड' असं सांगून तिला आम्ही कुठे पाठवणार होतो? ती बारावीला आहे आणि तिला इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड घ्यायचा आहे. तिच्यासाठी हातात काम असलेली, तालुक्यातच राहणारी एखादी बाई आत्ये शोधते आहे. बचत गटांच्या तालुक्याच्या बैठकीत तिने विचारून ठेवलं. दोन शिवणकामवाल्या आणि एका ब्युटी पार्लरवालीचं नाव आलं. इलेक्ट्रॉनिक्समधलं अजून एकही नाही.